मदत हवी आहे: एन्नोर वाळूचं डीईएम मॉडेल, आलेखाला शिखरच येत नाही

वाळूत_रुतलेला:
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी एन्नोरच्या प्रमाणित वाळूचं (श्रेणी २, १ मिमी ते ५०० मायक्रॉन) डिस्क्रीट एलिमेंट मॉडेल (डीईएम, म्हणजे एकेक कण वेगळा धरून केलेलं संगणकी मॉडेल) करतोय. लॅबमध्ये ड्रेन्ड ट्रायअ‍ॅक्सियल चाचणी केली (नमुन्याला बाजूंनी दाब देऊन वरून दाबायचं, पाणी बाहेर जाऊ द्यायचं), बाजूचा दाब १०० केपीए, नमुना चांगला ठासलेला. तिथे घर्षणकोन (वाळूच्या ताकदीचं माप) ३९ अंशांपर्यंत चढून ३२ वर स्थिरावतो, नमुना आधी जरासा आकसतो आणि मग फुगतो. मॉडेलमध्ये मात्र आलेख २३ अंशांवर सपाट होतो तो तसाच. फुगण्याचं नाव नाही.

यादे या डीईएम सॉफ्टवेअरमध्ये १०,००० गोल कण, रेषीय संपर्क (कण एकमेकांत जितके शिरतील त्या प्रमाणात बल), यंग मोड्युलस (कणांचा ताठपणा) १०० एमपीए, कणाकणांतलं घर्षण ०.५, सहा ताठ भिंती, स्ट्रेन रेट (नमुना दाबण्याचा वेग) सेकंदाला १०. दाब देऊन झाल्यावर व्हॉइड रेशो (पोकळी भागिले कणांचं आकारमान) ०.७०. घर्षण ०.९ केलं तरी कोन जेमतेम हलतो. गाइड म्हणतात अजून वाढव. पटत नाहीये. शिवाय क्वार्ट्झचा मोड्युलस ७० जीपीएच्या घरात असताना १०० एमपीए चालतो का?

कणाद_पुणे:
घर्षण वाढवू नका, गाइडना काय सांगायचं ते तुम्ही बघा :) ०.५ च्या पुढे कण घसरायचे थांबतात आणि घरंगळायला लागतात, म्हणून कोन तिथेच अडतो. तुमच्या डब्यात वाळू नाही, गोट्या आहेत. एन्नोरचे कण कोनेदार असतात, एकमेकांत अडकतात. एकतर रोलिंग रेझिस्टन्स (घरंगळण्याला विरोध) द्या, नाहीतर दोन-तीन गोल जोडून एक कण करा. पहिलं स्वस्त पडतं.

शिखर न येण्याचं कारण मात्र वेगळं आहे. ०.७० म्हणजे गोल कणांसाठी सैल रचना. दाब देताना घर्षण शून्याजवळ ठेवा, कण सरकून नीट बसतील आणि रेशो ०.५६ च्या आसपास येईल. मग कातरण्याआधी घर्षण परत ०.५ करा. त्यासाठी यादेचं तयार फंक्शन वापरा. नुसतं मटेरियल बदललंत तर आधीच जुळलेल्या संपर्कांत जुनं घर्षण तसंच राहतं. (आणि त्या फंक्शनला घर्षणाचा कोन द्यायचा, तोही रेडियनमध्ये!) लॅबचा व्हॉइड रेशो जसाच्या तसा गाठायला जाऊ नका, सापेक्ष घनता (सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट रचनेच्या मध्ये नमुना कुठे बसतो ते) जुळवा.

मोड्युलस चालेल. दाब भागिले मोड्युलस म्हणजे हजारात एक, कण व्यासाच्या साधारण तेवढेच एकमेकांत शिरतात. ७० जीपीए टाकलात तर टाइमस्टेप (गणनेची एक पायरी) २६ पटींनी बारीक होईल. फक्त सुरुवातीचा चढ लॅबशी ताडू नका, तो मऊच येणार. कण फुटण्याची चिंता १०० केपीएला नको.

वाळूत_रुतलेला:
धन्यवाद! मग रोलिंगचा गुणांक शिखरावरून ठरवू की शेवटच्या कोनावरून? आणि स्ट्रेन रेटचं काय?

कणाद_पुणे:
शेवटच्या. ३२ जुळेपर्यंत गुणांक वाढवा आणि मग त्याला हात लावू नका. घनता बरोबर असेल तर शिखर आपोआप यायला हवं, तीच मॉडेलची खरी परीक्षा. दोन्ही जुळवून घेतलंत तर तपासायला काही उरतच नाही.

सेकंदाला १० म्हणजे इनर्शियल नंबर (कातरणं किती संथ आहे ते सांगणारा आकडा, लहान तितकं संथ) ०.००१ च्या जरा वर जातो, संथ म्हणण्याच्या अगदी काठावर. १ वर आणा. टाइमस्टेप एक मायक्रोसेकंद धरला तरी २० टक्के स्ट्रेनला दोन लाख पायऱ्या, १०,००० कणांना साधा डेस्कटॉप पुरतो.

मृदा_ताई:
एक भर घालते. लॅबच्या ३८ मिमी व्यासाच्या नमुन्यात असे दोन लाखांहून जास्त कण असतात आणि बाजूला रबराचं पातळ आवरण असतं. ताठ भिंतींत शिअर बँड (कातरणं एकवटतं तो पट्टा) मोकळेपणाने तयार होत नाही. त्यामुळे शिखरानंतरची उतरण तुमच्याकडे हळू येईल. त्यासाठी गुणांक बदलत बसू नका.