मदत हवी आहे: कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर बाबांसोबत तीन दिवस मासेमारी. किनाऱ्यालगत करावी की खोल समुद्रात?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितेय.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर खाडीच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस. सेलफिश (पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला समुद्री मासा) पाण्याबाहेर उडी मारताना एकदा डोळ्यांनी बघायचाय, ही एकच इच्छा ते कित्येक वर्षं बोलून दाखवतायत. म्हणून मागच्या जानेवारीत त्यांना कोस्टा रिकाला घेऊन गेले. उत्तरेला, पापागायोच्या आखाताजवळ राहिलो होतो. बुकिंग करून देणाऱ्यांनी सांगितलं होतं की इथे बाराही महिने मासे असतात. पहिल्याच दिवशी पहाटे निघून थेट बाहेर, जवळजवळ पंचवीस मैल. किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट होतं, पण आखाताचं तोंड ओलांडलं आणि जमिनीकडून असा वारा सुटला की बोट नुसती आपटत होती. बाबांना ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मासा एकही लागला नाही. परत येताना ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा दिवस फुकट गेला." ते वाक्य मला अजून टोचतंय.

येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा जायचं ठरवतेय. बोटीचे तीन दिवस जमतील. कुठे राहावं? तीनही दिवस किनाऱ्यालगतच काढावेत की एक दिवस खोल पाण्याचा धोका घ्यावा? तिथली पाण्याची जाण असलेल्यांनी कृपया सांगा. रॉड-रील कुठलं घ्यावं हा प्रश्न नाही, ते बोटीवर मिळतं.

प्रतिसाद: खारावारा

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. दिवस बाबांमुळे गेला नाही, वाऱ्यामुळे गेला. तो वारा ठरलेला आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये कॅरिबियनकडून येणारे व्यापारी वारे निकाराग्वा सरोवराच्या सखल पट्ट्यातून घुसतात आणि पॅसिफिकवर नेमके पापागायोजवळ बाहेर पडतात. मध्ये डोंगर नाही, त्यामुळे नळीतून फुंकर मारल्यासारखा जोर येतो. वारा जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं आणि जसजसं बाहेर जावं तसतशा लाटा वाढतात. तुम्ही अगदी हेच वर्णन केलंय. उत्तरेकडची खोल पाण्यातली मासेमारी मे ते ऑगस्टमध्ये करावी, जानेवारीत नाही. बुकिंगवाल्यांनी हे सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीत खाली दक्षिणेकडे या. तिथे तालामांका पर्वतरांग आडवी उभी आहे, चिरिपोचं शिखर ३,८०० मीटरच्याही वर जातं. वारा त्या भिंतीला अडतो. माझं मत केपोसला. राजधानी सान होसेहून रस्त्याने दोन-तीन तासांत पोचता, आणि डिसेंबर ते एप्रिल हा तिथला सेलफिशचा ऐन हंगाम. सकाळी समुद्र बहुतेकदा शांत असतो, दुपारी थोडा उठतो.

प्रतिसाद: निळं_पाणी

वाऱ्याबद्दल खारावारा यांच्याशी पूर्ण सहमत. भर घालतो, कारण "खोल समुद्र" म्हणजे नेमकं काय हे कळलं तर निर्णय सोपा होईल.

मैल मोजून काही कळत नाही. पाण्याचा रंग, उतार आणि खालचा थर बघायचा. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट, नद्यांच्या गाळाचं. पुढे एका रेषेवर ते एकदम निळं होतं, त्या रेषेवर फेस, काटक्या, ओंडके साचतात. तिथे छोटे मासे, आणि त्यांच्यामागे माहीमाही, कुपा, सेलफिश. ही रेषा कधी दहा मैलांवर असते, कधी तीसवर. म्हणून "आम्ही तुम्हाला अमुक मैल नेतो" म्हणणाऱ्यापेक्षा "काल निळं पाणी कुठे होतं" हे सांगणारा कॅप्टन बरा.

दुसरी गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पूर्व पॅसिफिकच्या या उष्ण पट्ट्यात वरच्या गरम पाण्याचा थर पातळ असतो आणि त्याच्या खालच्या थंड पाण्यात प्राणवायू फार कमी. सेलफिश, मार्लिन, कुपा हे सतत पोहणारे, प्राणवायू भरपूर लागणारे मासे. ते खाली जाऊ शकत नाहीत, वरच्या थरातच दाटीने राहतात. त्यांचं खाद्यही तिथेच. म्हणून या किनाऱ्यावर सेलफिश पृष्ठभागावर इतके दिसतात. तुमच्या बाबांना उडी बघायची असेल तर जगात याहून योग्य जागा शोधावी लागेल. एल निन्योच्या वर्षी मात्र गरम पाण्याचा थर जाड होतो आणि मासे पांगतात. निघण्याआधी त्या वर्षीची स्थिती बघून घ्या.

प्रतिसाद: काठावरची_मी

मी वेगळं सांगणार आहे. केपोस चांगलंच आहे, पण तिथे बंदराबाहेर पडलं की उघडा समुद्र. नारान्हो आणि सावेग्रे नद्यांच्या मुखांवर मासेमारी उत्तम होते, पण लाट उठली तर आडोसा नाही. ज्यांना बोट लागते त्यांच्यासोबत जाताना माझा पहिला प्रश्न असतो: बिघडलं तर लपायला पाणी कुठे आहे?

त्याचं उत्तर म्हणजे गोल्फो दुल्से. ओसा द्वीपकल्पाच्या पोटातलं आखात, साधारण पन्नास किलोमीटर लांब. आतली खोली दोनशे मीटरच्या वर, पण तोंडाशी उंबरठा आहे, तिथे साधारण साठच मीटर. त्यामुळे तळाचं पाणी कोंडून राहतं आणि तळाशी फारसं जगत नाही. मासे सगळे वर आणि कडांना: खडक, खाजणं, नद्यांची मुखं. आत पाणी तळ्यासारखं निवांत असतं. पुएर्तो हिमेनेस किंवा गोल्फितो इथून बोट घ्या. रस्ता लांबचा आहे, पण सान होसेहून छोटं विमान जातं. वडिलांना तेच सोयीचं.

तोंडाशी माटापालोचं भूशिर आहे. तिथल्या खडकांवर रूस्टरफिश मिळतो. पाठीवर सात लांब काटे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, आणि पाण्याच्या वर ते उभारून आमिषामागे येतो तेव्हा हृदय थांबतं. हा मासा फक्त अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूलाच, मेक्सिकोपासून पेरूपर्यंत सापडतो. किनाऱ्यालगतची मासेमारी म्हणजे सेलफिश नाही मिळाला म्हणून केलेली तडजोड नव्हे, एवढंच मला कळकळीने सांगायचंय. खाडीवर बसलेल्या माणसाला खडक, भरती आणि जिवंत आमिष ही भाषा आधीच येते. तिथे बाबा पाहुणे नसतील, जाणकार असतील.

आणखी एक, ओसाच्या बाहेर समुद्राचा तळ पटकन खाली जातो. निळं पाणी फार लांब नसतं. म्हणजे खोल पाण्याचा दिवसही तिथूनच होतो.

प्रतिसाद: खारावारा

काठावरची_मी, सेलफिशचे आकडे केपोसचे जास्त, यावर मी ठाम आहे. पण आडोशाचा मुद्दा मान्य. एकाहत्तरच्या माणसासाठी मीही गोल्फो दुल्सेच म्हणेन.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाऱ्याचं वाचून बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे निकाराग्वाच्या वाऱ्याने मारलं होय."

गोल्फो दुल्से नक्की करतेय. पण तीन दिवसांची वाटणी कशी करू? आणि बोट लागण्यावर काय? मानेला लावायची पट्टी मिळते म्हणे.

प्रतिसाद: काठावरची_मी

पट्टीचं आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून लावू नका. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीने वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखं होऊ शकतं, लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालतच नाही. बाबांच्या बाकीच्या गोळ्यांची यादी घेऊनच जा. जे औषध ठरेल ते निघायच्या आधी घ्यायचं, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आणि घरी एकदा घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल. बोटीत मागच्या बाजूला, मध्यावर बसवा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. इंजिनाच्या धुरापासून मात्र दूर.

वाटणी: पहिला दिवस आखातात आणि माटापालोला. पूर्ण दिवस घेऊ नका, पाऊण दिवस पुरे. दुसरा किंवा तिसरा दिवस खोल पाण्याचा, पण कुठला ते आधी ठरवू नका. कॅप्टनला बुकिंगच्या वेळीच सांगा की ज्या सकाळी समुद्र शांत असेल त्या सकाळी बाहेर. आणि बाबांनी "पुरे" म्हटलं की लगेच आत वळायचं, हेही आधीच बोलून घ्या.

प्रतिसाद: निळं_पाणी

पहिला दिवस किनाऱ्यालगत ठेवण्याला अजून एक मोठं कारण आहे, आणि ते थेट बाबांच्या सेलफिशशी जोडलेलं आहे.

गळ टाकणाऱ्या आपल्या माणसांना मासा ओढायला लागला की झटका मारायची सवय असते. तिथे सर्कल हुक वापरतात. त्याचं टोक आत वळलेलं असतं. झटका मारला की तो तोंडातून नुसता सरकून बाहेर येतो. माशाला आमिष घेऊन जाऊ द्यायचं, मग दोरी ताणली जाईपर्यंत सावकाश रील फिरवायचं. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. म्हणूनच सोडलेला मासा जगतो.

सेलफिशच्या वेळी हे सगळं काही सेकंदांत होतं. बोटीमागे बिनगळाची चमकदार आमिषं ओढत असतात, मासा त्यांच्यावर आला की बोटीवरचा माणूस ती ओढून घेतो आणि त्याच जागी तुम्ही खरं आमिष सोडता. त्या गडबडीत पन्नास वर्षांची सवय हाताला झटका देणारच. रूस्टरफिशला जिवंत बोय किंवा तसलाच छोटा मासा लावतात, गळ तोच, संयम तोच. माटापालोला बाबांनी तीन-चार मासे असे धरले की हात तयार होईल.

सेलफिश बोटीत ओढून फोटो काढायचा आग्रह धरू नका. पाण्यातच ठेवून फोटो घ्या, तोंड बोटीच्या चालीच्या दिशेने, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. आणि इन्कोपेस्काचा (कोस्टा रिकाच्या सरकारी मत्स्यव्यवसाय संस्थेचा) मासेमारी परवाना प्रत्येकाच्या नावाने लागतो. बोटवाले काढून देतात का ते आधी विचारा. कॉर्कोव्हादो राष्ट्रीय उद्यान आणि कान्यो बेटाच्या राखीव पाण्यात गळ टाकायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

धागाकर्ती

झटक्याचं वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "हे कुणीतरी मागच्या वेळी सांगायला हवं होतं." काल संध्याकाळी त्यांनी भावाला दोरीचं एक टोक धरून अंगणात पळायला लावलं आणि स्वतः हात आवरायचा सराव करत बसले. तीन वेळा झटका मारलाच. चौथ्यांदा नाही.

शेवटचा प्रश्न. तारखा अजून हातात आहेत. भरतीचा विचार करून कुठले दिवस धरू? तिथे उधाणाला पाणी जवळजवळ तीन मीटर चढतं-उतरतं असं वाचलं.

प्रतिसाद: काठावरची_मी

बरोबर वाचलंत. उधाणाला पाणी जोरात वाहतं, रूस्टरफिशला ते आवडतं. पण माटापालोला बाहेर धावणारी ओहोटी आणि समोरून येणारी लाट भिडली की बोट वेडीवाकडी नाचते. मी एकटी असते तर अमावास्या धरली असती. बाबांसाठी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस धरा. पाणी हलेल, पण माणसाला हलवणार नाही.

धागाकर्ती

पंचांग बाबांनीच काढलं. अष्टमी मधल्या दिवशी येईल अशा तारखा त्यांनी स्वतः लिहून दिल्या, मी आज बोट सांगून ठेवली. परत आले की इथेच लिहीन.