चर्चा: मयताच्या घरी ‘रडू नका’ म्हणणं ही ख्रिस्ती आशा आहे का?

नगरवाली
आमच्या मंडळीत कुणी गेलं की सांत्वनाच्या उपासनेत एक वाक्य हमखास येतं, “रडू नका, ते प्रभूजवळ गेले.” परवा एका तरुण मुलाच्या मातीला आई कोसळली होती, तेव्हाही मागून कुणीतरी म्हणालंच, “विश्वास धरा बाई.”

हे पवित्र शास्त्रात कुठे आहे? प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना तर तो मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूने घरातलं माणूस नेलं तर घर रडणारच की! आणि आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात आपण लाजराला मेलेल्यांतून उठवणार, हे ठाऊक असून रडला. ज्याच्या हातात सगळं होतं त्याने अश्रू आवरले नाहीत, आणि ज्यांच्या हातात काहीच नाही ते आपण दुसऱ्याला डोळे पुसायला सांगतो.

माझं मत स्पष्ट आहे. ही आशा नव्हे, आपल्याला दुसऱ्याचं रडणं सोसवत नाही म्हणून काढलेली पळवाट आहे.

पाळकाचा पोर
ताई, जरा अतीच होतंय. ते वाक्य म्हणणारी मावशी काही धर्मशास्त्र शिकवत नसते. तिला दुसरं काही सुचत नाही म्हणून ती ते म्हणते. माझी आजी शेवटच्या आजारात आल्यागेल्याला सांगायची, “भेटू वर.” तिच्यासाठी ते गावाला जाण्याइतकं खरं होतं. आम्ही रडलो, पण घाबरलो नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला, 1921 च्या जुलैमध्ये एकुलती एक मनोरमा गेली. तरी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आशेशिवाय हे होतं का?

नगरवाली
काम सोडलं नाही म्हणजे रडल्या नाहीत, हे तुम्ही कुठून काढलंत?

तर्कट
मी नास्तिक, आधीच सांगतो. रमाबाईंनी काम केलं कारण त्या रमाबाई होत्या. लेकरू गेल्यावरही शेतावर जाणाऱ्या बाया प्रत्येक धर्मात आहेत. आम्ही आईचं देहदान केलं. ना विधी, ना ‘वर भेटू’. दुःख झालं, पुढे सवय झाली. आशा गोड लागते म्हणून खरी ठरत नाही. तुमच्या पौलाला हे कळत होतं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं त्याने सरळ लिहून टाकलंय. त्याचा हा रोखठोकपणा मला आवडतो. मातीला आलेल्या किती जणांना ही अट आठवते?

वसईकर
तर्कट, अट बरोबर पकडलीत. पण ‘वर भेटू’ ही त्या आशेची फक्त अर्धी बाजू. श्रद्धासूत्रात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आम्ही कॅथलिक दर रविवारी देहाच्या पुनरुत्थानाबद्दल बोलतो. आत्मा सुटला, शरीर गेलं खड्ड्यात, असं नाही. म्हणून तर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्याकडे दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरी फुलांनी भरतात. 1963 मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, दहनाची मुभा दिली, पण रक्षा उधळायची नाही, घरी ठेवायची नाही, हे 2016 मध्ये पुन्हा बजावलं.

नगरवालींशी मी निम्मा सहमत आहे. पूर्वी मयताच्या मिस्सेला (उपासनेला) धर्मगुरू काळी वस्त्रं घालत आणि न्यायाच्या दिवसाचं भयंकर लॅटिन गीत होई. चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) ते गीत गेलं, जांभळी-पांढरी वस्त्रं आली, सूर पुनरुत्थानाकडे वळला. चांगलंच झालं. फक्त भीतीबरोबर थोडा शोकही बाहेर गेला, असं मला वाटतं.

तर्कट
म्हणजे परिषद बसली आणि मरणाचा रंग बदलला. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

वसईकर
रंग बदलला, ख्रिस्ताची कबर रिकामी होती हा दावा बदलला नाही. तो खोटा ठरवा, मग वस्त्रांचं बोलू.

पाळकाचा पोर
ते दोघं भांडू देत. ताई, मला व्यवहाराचं सांगा. आई कोसळलीय, समोर दोनशे माणसं, पाळकाने म्हणायचं तरी काय?

नगरवाली
काहीच म्हणू नये, शेजारी बसावं. वाचायचंच असेल तर दर वेळी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे 23 वं स्तोत्र कशाला? 88 वं वाचावं. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते देवालाच उद्देशून आहे. आमच्याकडे मातीच्या वेळी ते वाचलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

पाळकाचा पोर
बाबांना सुचवून बघतो. पुढच्या रविवारी पंच कमिटीत तक्रार आली तर तुमचं नाव सांगेन!