नागपुरात नृत्याचा क्लास लावताना: तुमचे अनुभव लिहा

शाळा उघडायच्या सुमारास, म्हणजे आपल्या विदर्भात जूनच्या अखेरीस, नृत्याच्या क्लासेसच्या ॲडमिशन जोरात असतात. खामला, धरमपेठ, मनीषनगर, मानेवाडा, नंदनवन, कुठेही जा, पाट्या दिसतातच: कथक, भरतनाट्यम, बॉलिवूड, झुंबा, वयाची अट नाही. पाटीवरून आत काय शिकवतात ते कळत नाही, आणि फोन केला तर फी आणि वेळ यापलीकडे कुणी फारसं बोलत नाही.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला कथक शिकायचंय आणि मलाही. कॉलेजात असताना घरून परवानगी मिळाली नव्हती, ती इच्छा तशीच राहून गेली. दोघींनी एकाच ठिकाणी जावं की वेगवेगळ्या, हेही ठरत नाहीये.

तुम्ही स्वतः शिकत असाल, मुलांना नेत-आणत असाल किंवा शिकवत असाल, तर कृपया लिहा. क्लासची नावं देऊ नका, चांगलीही नकोत आणि वाईटही. ॲडमिशनआधी काय पाहिलं, काय विचारलं आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं, ते सविस्तर लिहा.

दोन मुलींची आई, त्रिमूर्तीनगर

डेमो पाहून ठरवू नका, हे आधी सांगते. डेमोच्या दिवशी मुख्य मॅडम स्वतः शिकवतात, मुलांना एक छोटा तुकडा बसवून देतात, मुलं खूश, आपण खूश, लगेच फी भरली जाते. माझ्या मोठीच्या पहिल्या क्लासमध्ये असंच झालं. पुढे रोजची बॅच त्यांच्याच एका अकरावीतल्या विद्यार्थिनीकडे होती. ती मुलगी गोड होती, मनापासून शिकवायची, पण तिची परीक्षा आली की आमचा क्लास बंद. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: रोज कोण शिकवणार? आणि त्या सुट्टीवर असल्या तर कोण?

दुसरा क्लास शोधताना मी न सांगता एका मंगळवारी गेले आणि मागे बसून पूर्ण तास पाहू द्या म्हणाले. एका ठिकाणी स्पष्ट नकार मिळाला. जिथे बसू दिलं, तिथे छोट्या मुली घुंगरू न बांधता मांडी घालून बसल्या होत्या आणि हातावर तीनताल म्हणत होत्या. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला नेऊन 'खाली', म्हणजे टाळी नाही, तेराव्याला पुन्हा टाळी. मॅडमनी एकीला मध्येच थांबवून विचारलं, "आत्ता तू कुठे आहेस?" ती पोरगी चटकन म्हणाली, "अकरा." सोळा मात्रांत आपण नेमके कुठे उभे आहोत हे आठ वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं! मी त्याच दिवशी फॉर्म भरला. आता माझ्या दोघी मेट्रोत बसल्या की मांडीवर ताल धरतात.

एक बाबा, मानेवाडा

क्लासमध्ये गेल्यावर आधी चप्पल काढून फरशीवर उभे राहा. हे मी अगदी कळकळीनं सांगतो आहे. कथक असो की भरतनाट्यम, अनवाणी पाय आपटणं आलंच. सिमेंटवर थेट टाइल्स बसवलेल्या हॉलमध्ये तासभर तत्कार, म्हणजे कथकचं पायकाम केलं की तो सगळा दणका टाचेत, नडगीत आणि गुडघ्यात जातो. लाकडी जमीन असेल तर उत्तम. नसेल तर निदान जाड व्हिनाइल किंवा तसलं काही अंथरलेलं असावं.

आणि आपल्या नागपूरची खास गोष्ट म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, कूलरशिवाय हॉलमध्ये उभंच राहता येत नाही. पण बंद हॉलमध्ये पाण्याचा कूलर चालला की दमटपणाने टाइल्सवर ओल धरते. माझी मुलगी चक्कर घेताना त्या ओलीवरून घसरली आणि मनगट दुखावून बसली. मी क्लासवाल्यांशी बोललो. आता ते क्लास सुरू होण्याआधी हॉल गार करून घेतात आणि तासाच्या वेळी कूलरची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवतात, खिडक्या उघड्या. फरशी कोरडी राहते. उन्हाळ्यात बॅच सकाळी सातला आणतात का, हेही विचारून घ्या. मे महिन्यात दुपारी चारच्या बॅचला मूल पाठवणं मला तरी पटत नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, लक्ष्मीनगर

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाबद्दल लिहिते. मी निवृत्तीनंतर भरतनाट्यम सुरू केलं. चौकशीला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "नातीचं नाव काय?" मी म्हटलं, माझंच लिहा.

मोठ्या वयात शिकताना अडचण येते ती अरमंडीची. टाचा जुळवून, गुडघे बाहेरच्या बाजूला उघडून, अर्धं बसून राहायचं आणि त्याच स्थितीत पाय मारायचे. लहान मुली सहज खाली जातात, आमचे गुडघे कुरकुरतात. आमच्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात एकेकीला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि कोण किती खाली जाऊ शकतं ते पाहिलं. मला सांगितलं, "काकू, तुमची अरमंडी एवढीच. यापेक्षा खाली जायचं नाही. पण गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच उघडला पाहिजे, आत पडता कामा नये." तट्टडवू, म्हणजे पाय मारण्याचा अगदी पहिला प्रकार, आम्ही बरेच महिने पहिल्या, संथ लयीतच केला. ताई जमिनीवर बसून तट्टुकळी, म्हणजे तालाची काठी, लाकडावर ठोकत थैया थै म्हणतात, आणि कुणाचा पाय मागे राहिला ते मान वर न करता आवाजावरून ओळखतात.

ज्या क्लासमध्ये तुमचं गुडघेदुखी, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांबद्दल विचारत नाहीत, तिथे मोठ्या वयात जाऊ नका. फॉर्ममध्ये तशी जागा नसेल तर आपण होऊन सांगा. मी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवूनच सुरुवात केली. आमच्या सकाळच्या बॅचच्या बायका रविवारी क्लासनंतर तर्री-पोहे खायला जातात, या वयात मिळालेल्या मैत्रिणी आहेत त्या.

सदरहून एक भाऊ

माह्या पोरगा कथक शिकून राहिला, चौथीत आहे. सोसायटीतले लोक म्हणत, काहून पोराले नाचाले टाकलं? मी त्याईले कथकच्या बिरजू महाराजांचा व्हिडिओ दाखवला. मग कोणी काही बोललं नाही. क्लास लावताना मी एकच पाहिलं, तिथं आणखी पोरं आहेत का. दोन होते. एकटा असता तर तो टिकला नसता. आणि सरांनी त्याले पोरीच्या गाण्यावर मागं उभं न करता स्वतंत्र तोडे, म्हणजे बोलांवरचे छोटे तुकडे, शिकवले. एवढंच.

कथक शिकवते, पश्चिम नागपूर

शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण ॲडमिशनच्या वेळी आम्हाला जे सांगायचं असतं ते काउंटरवरच्या दोन मिनिटांत सांगून होत नाही.

मधल्या महिन्यात आलेल्या मुलाला मी पुढची बॅच सुरू होईपर्यंत थांबायला सांगते. पालकांना वाटतं, ही बाई नखरे करते. पण जूनपासून आलेल्या मुलांचा तत्कार बरोबरीत (मूळ लयीत) आणि दुगुनीत (दुप्पट लयीत) बसलेला असतो. त्यांच्यात नवीन मूल उभं केलं की ते शेजारच्याचे पाय बघून नाचायला लागतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. तीन महिन्यांची फी एकदम घेण्यामागेही कारण आहे. हॉलचं भाडं, तबलजींचं मानधन हे मला मुलं आली काय, न आली काय, द्यावंच लागतं. मात्र आजारपण असेल तर पुढच्या तिमाहीत ती रक्कम वळती करते, आणि हे फॉर्मवर लिहून देते. तुम्हीही लिहून मागा. तोंडी बोललेलं दोन्ही बाजूंच्या लक्षात वेगवेगळं राहतं.

घुंगरू पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. अनेक पालक हौसेने घेऊन येतात, आणि बऱ्याचदा कातडी पट्ट्यावर शिवलेले, भरतनाट्यमचे. कथकला सुती दोरीत ओवलेले लागतात. लहान मुलाच्या पायाला किती घुंगरू झेपतील ते पायात जोर आल्याशिवाय ठरवता येत नाही. आधी नुसत्या पायाने "ता थेई थेई तत, आ थेई थेई तत" स्वच्छ वाजायला हवं. घुंगरांच्या आवाजात चूक झाकली जाते, म्हणून मी मुद्दाम उशिरा बांधायला देते. त्या दिवशी मुलं पायात बांधण्याआधी ते कपाळाला लावतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

साडेचार वर्षांच्या मुलांना कथकसाठी आणू नका, एवढी विनंती. माझ्याकडे सहा पूर्ण झाल्यावर घेते. त्याआधी त्यांना गाण्यावर मनसोक्त उड्या मारू द्या, घरी टाळ्या वाजवून ताल धरायला शिकवा.

विशारद झालेल्या मुलीची आई, नंदनवन

परीक्षांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे बहुतेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो, घराणी, ताललिपी, व्याख्या वगैरे. त्यामुळे क्लासमध्ये थिअरी शिकवतात की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्स हातात देतात, हे विचारा.

दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव जातो आणि प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचंच लागतं. काही क्लास स्वतःच छापलेलं रंगीत सर्टिफिकेट देतात, त्याचा इथे उपयोग नाही. पण नुसत्या गुणांसाठी वर्षाला दोन-दोन परीक्षा देऊन पळवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मध्यमेचा तोडा पाठ असतो आणि प्रवेशिकेची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा, समेवर येत नाही. माझ्या मुलीच्या गुरूंनी तिला एक पूर्ण वर्ष परीक्षेला बसू दिलं नव्हतं, फक्त लय पक्की करून घेतली. तेव्हा घरी वाद झाले. विशारदच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी अचानक झपतालात नाचायला लावलं तेव्हा ती दहा मात्रांत शांतपणे उभी राहिली, ती त्या एका वर्षाच्या जोरावर.

मनीषनगर

गॅदरिंगचा खर्च आधीच विचारा! आमच्या एका क्लासने वर्षभर फी माफक घेतली आणि जानेवारीत ड्रेस, मेकअप, फोटो, व्हिडिओ, वर पाहुण्यांच्या पासचे पैसे असं सगळं मिळून तीन महिन्यांच्या फीएवढं मागितलं. मोठं सभागृह भाड्याने घ्यायचं तर खर्च येतो हे मान्य आहे. सुरुवातीला सांगा, इतकंच म्हणणं आहे. आणि डिसेंबरपासून दोन महिने रियाज बंद ठेवून एकाच गाण्याची तालीम चालते का, तेही जुन्या पालकांकडून काढून घ्या.

मिहानमध्ये नोकरी, राहायला वर्धा रोडला

मी बॉलिवूड आणि फ्रीस्टाइल शिकते, शास्त्रीय नाही. वर सगळं शास्त्रीयच चाललंय म्हणून लिहायचं की नाही असा विचार करत होते. नोकरदारांसाठी बॅचची वेळ हाच खरा प्रश्न. साडेसहाची बॅच कागदावर छान दिसते, पण शिफ्ट संपवून खापरीहून मेट्रोने येईपर्यंत अर्धा वॉर्मअप झालेला असतो. थंड अंगाने थेट उड्या मारल्या की स्नायू धरतात. मी सरांना तसं सांगितलं, त्यांनी आम्हा उशिरा येणाऱ्यांना कोपऱ्यात दहा मिनिटं वेगळा वॉर्मअप करायला लावला, मगच ओळीत घेतलं. अशी माणसं मिळाली की क्लास टिकतो. बुडालेला तास शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये भरून मिळतो का, हे नक्की विचारा.

नवरात्राच्या आधी महिनाभर गरब्याच्या बॅच निघतात, त्यात कायमच्या विद्यार्थ्यांचा हॉल आणि वेळ दोन्ही जातात. आमच्याकडे त्या काळात आमची बॅच गच्चीवर हलवली होती.

आई-मुलगी दोघी शिकतो, प्रतापनगर

धागा काढलेल्या ताईंसाठी. आम्ही दोघी एकाच क्लासला जातो, पण बॅच वेगळी. सुरुवातीला एकत्र होतो. माझी लेक स्वतःच्या पायाकडे न बघता माझ्याकडे बघायची, आणि मॅडमनी तिला काही सांगितलं की मीच आधी "अगं, हात वर घे" म्हणायची. मॅडमनी आठवडाभर पाहिलं आणि मला मोठ्यांच्या बॅचला पाठवलं. तिचा तास संपला की माझा सुरू होतो, मधली पाच मिनिटं आम्ही हॉलच्या दाराशी भेटतो. घरी रियाज मात्र एकत्र, जेवणाआधी, शेजारच्यांना त्रास नको म्हणून सतरंजी घालून. ती मला लय धरून देते. माझं वजन उजव्या पायावर जातं हे तिनेच दाखवून दिलं, आणि ते बरोबर आहे.

एकाच क्लासला दोघींची ॲडमिशन घेतली तर फीत सवलत मिळते का, हे विचारायला संकोच करू नका. आम्हाला मिळाली.