मान आणि जबडा दोन्ही उजवीकडूनच दुखून राहिले, काही संबंध असते का?

मानेवाड्याची
नमस्कार, नागपूरच्या मिहानमध्ये कस्टमर सपोर्टला आहे मी, दिवसभर हेडसेट लावून लॅपटॉपसमोर आन् जाणंयेणं स्कूटीनं. मागच्या वर्षीपासून मान दुखून राहिली, उजवीकडे जास्त, कवटीच्या खालपासून पार खांद्यापर्यंत. एक्सरेत विशेष काही निघालं नाही, मसल स्पाझम, म्हणजे स्नायू आखडले म्हणाले, गोळ्या झाल्या, शेक झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटते मग परत तेच. आता नवीन असं आहे का मान जास्त दुखली त्या दिवशी उजवा जबडाही जड होते, जांभई देताना कट् आवाज येते, ज्वारीची भाकर चावताना कानाजवळ दुखते आन् कान बंद झाल्यासारखा वाटते. कानाच्या डॉक्टरनं तपासलं, कान एकदम स्वच्छ आहे म्हणे. हाडाच्या डॉक्टरला जबड्याचं सांगितलं तर ते म्हणाले दातवाल्याकडे जा, आन् दातवाले म्हणाले दात चांगले आहेत. आता मी जाऊ कोणाकडे? खरंच हे दोन वेगळे आजार आहेत का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

फिजिओ_धरमपेठ
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मानेचे पेशंट रोज बघतो, आणि तुम्ही जे लिहिलं ते मला वेगळे दोन आजार नाही वाटत. तोंड उघडताना आपल्याला वाटते फक्त खालचा जबडा खाली जाते, पण त्याच वेळी डोकंही थोडं मागे जाते, घास घेताना स्वतः हात मानेवर ठेवून बघा, जाणवेल. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे नीट मोजून दाखवलं आहे, आणि अपघातात मानेला झटका बसून ज्यांचं दुखणं राहून गेलं त्यांच्यात तोंड उघडणं आणि डोक्याची ती हालचाल दोन्ही कमी झालेलं दिसलं, चावतानाही ते लवकर थकतात.

दुसरं कारण नसांचं आहे. जबड्याची, चेहऱ्याची जाणीव ट्रायजेमिनल नर्व्हनं जाते, आणि तिचं दुखणं नोंदवणारं केंद्र मेंदूच्या खालच्या टोकापासून मानेतल्या मज्जारज्जूत उतरलेलं असते. मानेच्या वरच्या दोनतीन नसांचे निरोपही तिथेच पोचतात. मग मेंदूला नेमकं कळत नाही का दुखणं कुठून येऊन राहिलं, म्हणून मानेचं जबड्यात, कपाळात जाणवते आणि जबड्याचं मानेत. कानाचंही तसंच, जबड्याचा सांधा कानाच्या अगदी समोर बसलेला आहे, म्हणून कान चांगला असूनही दडे बसल्यासारखं होऊ शकते.

आता आधी काय झालं, मान की जबडा, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि खूपदा दोघांच्या मागे तिसरंच असते, म्हणजे टेन्शन, अपुरी झोप, दात दाबून धरायची सवय. तुम्ही आज एवढंच बघा, कस्टमर चिडून बोलत असताना तुमचे दात एकमेकांवर आहेत का? आराम असताना ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडी फट आणि जीभ वरच्या समोरच्या दातांमागे टाळूला, असं असायला पाहिजे. दातावर दात खरं तर खाताना, गिळतानाच लागतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं स्टिकर लावा, दिसलं की जबडा सैल सोडायचा.

इतवारीकर
माझ्या भावाचं अगदी असंच होतं ताई. तो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाते, सकाळी दुकान उघडलं का सुरू, आन् नेहमी एकाच गालात. मान दुखते म्हणून सलूनमध्ये मालिश करून मान मोडून घ्यायचा, कटकट आवाज आला का त्याला मोकळं वाटे. मग हळूहळू तोंडच कमी उघडायला लागलं, पाणीपुरी तोंडात जाईना. आम्ही सगळे समजत होतो का मानेचंच आहे. तुम्ही खात नसाल हे सगळं पण वाचणाऱ्यांपैकी कोणी खात असेल तर त्यानं दाखवून यावं.

दंतवैद्य_सदर
इतवारीकर भाऊंनी फार महत्त्वाचं लिहिलं. नागपुरात तोंड उघडत नाही म्हणून पेशंट आला का आम्ही आधी खर्रा, सुपारीच विचारतो. सुपारीनं गालाच्या आतलं आवरण कडक, पांढुरकं होत जाते, तिखट झोंबते, तोंड आवळत जाते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकते. ते जबड्याच्या सांध्याचं दुखणं नाही आणि मानेच्या व्यायामानं ते जाणारही नाही, म्हणून भावाला कृपा करून ताबडतोब दाखवा आणि खर्रा आजच बंद. घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक समोरच्या दातांमध्ये जातात का बघा, मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडते.

मानेवाड्याच्या ताई, तुम्हाला 'दात चांगले आहेत' म्हणाले ते बरोबरच असेल, पण सांधा आणि चावायचे स्नायू वेगळे तपासावे लागतात. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात जा आणि मानेचंही आवर्जून सांगा. रात्री दात खात असाल तर नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर देतील, ते काढता येते. पण कोणी पहिल्याच भेटीत म्हणालं का मशीननं दात झिजवून चावा, म्हणजे वरखालचे दात जुळायची पद्धत बदलू, तर थांबा, झिजवलेला दात परत येत नाही आणि या दुखण्यात आधी साधे उपायच करायचे असतात. नुसता कट् आवाज, दुखणं नसेल तर, पुष्कळ लोकांना असते, त्याला घाबरू नका. तोंड उघडं किंवा बंद राहून अडकलं तर मात्र लगेच या.

मानेवाड्याची
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही दुखणी कोणी एकत्र ऐकून तर घेतली. सुपारी, खर्रा काहीच नाही मला. आज शिफ्टमध्ये लक्ष ठेवलं तर खरंच दात दाबलेलेच असतात, हेडसेट लावला का जास्त. तोवर घरी काय करू आन् सलूनमध्ये मान मोडून घेतली तर चालते का, आमच्या ऑफिसात पुष्कळ जण घेतात?

फिजिओ_धरमपेठ
सलूनमध्ये नाही, कधीच नाही. मानेतून मेंदूला जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या मणक्यांमधून जातात, झटक्यानं त्या फाटून लकवा मारल्याच्या घटना आहेत.

घरी जबड्यावर आणि मानेवर ओला गरम शेक, दहापंधरा मिनिटं. काही दिवस भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून खा, ऊस, कडक चणे, च्युइंगगम नको, जांभई आली का हनुवटीखाली मूठ धरा. जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडायचं, जीभ सुटेल तिथे थांबायचं, पाचसहा वेळा, दिवसातून चारपाचदा. मानेसाठी भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे घ्यायची, खाली वाकवायची नाही, पाच सेकंद धरून सोडायची. दुखलं तर कमी करा, जोर लावू नका. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून स्क्रीन वर आणा, कीबोर्ड वेगळा घ्या. नुसतं बसणं सुधारून सगळं जाईल असं मी म्हणणार नाही, दर अर्ध्या तासानं उठणं जास्त कामाचं.

हाताला मुंग्या, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, ताप, किंवा चालताना, जिना चढताना जबडा आणि डावा हात दुखणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि डॉक्टर. शेवटचं हृदयाचं असू शकते, त्याला सरळ इमर्जन्सीत जायचं.