जुनी जिप्सी किंग दोन इंच उचलायची आहे : शॅकल, जादा पाटा की पूर्ण सेट?

घाटवाट

गाडी २००८ ची जिप्सी किंग, एमजी४१३डब्ल्यू, सॉफ्ट टॉप. पाटे (लीफ स्प्रिंग) कंपनीचेच आहेत, एकदाही बदललेले नाहीत. टायर २०५/७० आर१५. आठवडाभर डांबरी रस्ता, शनिवार-रविवार जुन्नर-माळशेजकडचे शेतरस्ते, पावसाळ्यात चिखल. खोल चाकोरीत डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) घासतो आणि मागे दोन माणसं बसली की बंप स्टॉप (ॲक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेले रबरी गुटके) आपटतात. पुढे २३५/७५ आर१५ टायर घालायचा विचार आहे.

एक गॅरेजवाला लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणारी पट्टी) लावून एका दिवसात गाडी देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, पाटे मारून घ्या (ठोकून कमान परत द्या) आणि एक जादा पाटा घाला. तिसरा पर्याय म्हणजे पूर्ण नवा लिफ्ट सेट. काय करावं? आणि काम आपल्या डोळ्यासमोर करून घ्यायचं तर कुठे लक्ष ठेवावं?

पाटाकमान

डिफ घासणं आणि बंप स्टॉप आपटणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आहे. सस्पेन्शन कितीही उचला, डिफ जमिनीपासून आहे तिथेच राहणार. तो वर जातो फक्त टायरने. २०५/७० आर१५ चा व्यास ६६८ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३३. फरकाच्या निम्मं, म्हणजे सुमारे ३३ मिमी डिफखाली मिळतात. पण २३५ च्या टायरला निदान ६ इंची रिम हवी. तुमच्या रिमवर कोरलेला आकडा बघा, ५.५ असेल तर २१५/७५ आर१५ घ्या. त्याचा व्यास ७०३, डिफखाली १८ मिमी वाढतात आणि इंजिनावर ताणही कमी येतो. २३५ घातला तर गिअरिंग जवळजवळ १० टक्के लांबतं. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ला असेल आणि घाटात एक गिअर खाली पडेल.

आता बंप स्टॉप. इतक्या वर्षांच्या पाट्यांची कमान गेलेली असते. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा आणि मागचा पाटा बाजूने बघा. सरळ पट्टीसारखा दिसत असेल तर तो बसलाय. दुसरी खूण शॅकलची. पाटा सपाट झाला की लांबतो आणि शॅकलचं खालचं टोक बाहेर ढकलतो, मागे असेल तर मागे, पुढे असेल तर पुढे. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर जुन्या पाट्यांवर पुढचं काही करूच नका.

पाटे मारून घेण्याबद्दल स्पष्ट सांगतो. थंड पाट्याला हातोड्याने दिलेली कमान टिकत नाही, थोड्याच दिवसांत गाडी परत बसते. नीट करायचं तर पाटा तापवून, कमान देऊन, तेलात विझवून पुन्हा टेम्पर करावा लागतो. ती सोय फार थोड्या कारागिरांकडे असते. जादा पाट्याने उंची येते, पण गाडी जेमतेम हजार किलोची. रिकामी असताना ती पाटे दाबूच शकत नाही आणि खडीवर मागची चाकं नाचतात.

पूर्ण २ इंची सेट घ्या, चार पाटे आणि चार शॉक. पुढच्या ॲक्सलखाली ब्लॉक (पाटा आणि ॲक्सलमधला ठोकळा) कधीही घालू नका. ब्रेक दाबला की ॲक्सल पिळतो, ब्लॉक सरकू पाहतो, आणि वळणारी चाकं त्याच ॲक्सलवर आहेत.

लो_रेंज

वरच्याशी सहमत. शॅकलबद्दल हिशोब देतो, कारण तो एका दिवसाचा सौदा लोकांना फार मोहात पाडतो.

शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं. म्हणून ते २ इंच लांब केलं तर ॲक्सलपाशी लिफ्ट मिळतो साधारण १ इंच. जिप्सीत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं नाक खाली जातं, ॲक्सलचा माथा पुढे कलतो आणि कास्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं) अंतर ९०० मिमी धरा. एक डोळा ५० मिमी खाली गेला तर ३ अंशांहून थोडा जास्त कल येतो. मुळात कास्टरच ३.५ अंशांच्या आसपास, म्हणजे उरलं जवळजवळ काहीच नाही. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, ७० च्या वर गाडी भरकटते, आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथडायला लागतात.

दुरुस्ती म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये २ ते ४ अंशांची पाचर. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, त्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. उलटी बसली तर होता तो कास्टरही जातो. पाचर लोखंडी घ्या, ॲल्युमिनियमची चिरडते. सेंटर बोल्ट (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा) पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब लागतो. आणि हेही धरून चला की कास्टर वाढवला की पुढच्या डिफचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (डिफला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर (जोडावर) कोन वाढतो. लिफ्ट २ इंचांवर थांबवायचा तो यासाठीच.

घाटवाट

मोजलं. मागे डावी-उजवी १८ मिमी फरक, उजवी बाजू खाली. पाटा सरळ पट्टीच आहे. म्हणजे पूर्ण सेटच. बसवतानाचे टप्पे सांगाल का?

नटबोल्ट

कामाच्या तीन दिवस आधीपासून डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट रोज गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवा. इतक्या जुन्या गाडीत बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो. नट फिरतो, बोल्ट हलत नाही. शेवटी तो दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापावा लागतो, म्हणून नवे बोल्ट, बुश आणि आठ नवे यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) आधीच आणून ठेवा. यू-बोल्ट एकदा ताणला की ताणला, परत वापरायचा नाही.

मागून सुरुवात करा. पुढच्या चाकांना ओट लावा, घोड्या (जॅक स्टँड) चेसिसखाली, ट्रॉली जॅक ॲक्सलखाली. चाकं आणि शॉक काढा. ब्रेकचा होज चेसिसवरच्या क्लिपमधून मोकळा करा, ॲक्सल त्याच्यावर कधीही लटकू देऊ नका. शाफ्ट काढायचा असेल तर दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर जोडताना शाफ्टची मूळ जागा चुकते आणि कंप येतो.

नवा पाटा आधी कायमच्या टोकाला (जिथे शॅकल नाही) अडकवा, मग शॅकलला. दोन्हीकडे नट फक्त हाताने. मग जॅकने ॲक्सल खाली आणा. इथे डोळे लावून बघा: सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण उतरलं पाहिजे. डोकं काठावर राहिलं आणि वरून यू-बोल्ट आवळले तर पहिल्या फेरीत सगळं घट्ट वाटतं. नंतर डोकं तुटतं, ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट तिरक्या (समोरच्या कोपऱ्याच्या) क्रमाने थोडे थोडे आवळा, चारही नटांबाहेर आटे सारखे दिसले पाहिजेत. अखेरचा टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे.

डोळ्यांचे आणि शॅकलचे नट मात्र गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा हलवून, मगच आवळायचे. रबरी बुश लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी उतरल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बहुतेक ठिकाणी हीच चूक होते, कारण जॅकवर हात सहज पोचतो.

शॉक फक्त किटच्या भरवशावर घेऊ नका. ॲक्सल बंप स्टॉपला टेकवून दोन माउंटमधलं अंतर घ्या, मग पूर्ण लटकवून घ्या. बंद शॉक पहिल्या आकड्यापेक्षा १० ते १५ मिमी आखूड हवा, उघडा शॉक दुसऱ्यापेक्षा तेवढाच लांब. नाहीतर शॉकच बंप स्टॉपचं काम करतो आणि माउंट उखडतो.

मग ॲक्सल लटकलेला असताना ब्रेकचे होज बघा. पुढचे दोन्ही, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून. ताणले जात असतील तर लांब होज घालूनच गाडी रस्त्यावर काढा. मागच्या ॲक्सलला एलएसपीव्ही (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची दांडीही नव्या उंचीप्रमाणे लावून घ्या. ॲक्सल खाली गेला की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक मंद होतो.

लो_रेंज

स्टिअरिंगचं राहिलं. लिफ्टनंतर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन वाढतो आणि स्टिअरिंग व्हील सरळ रस्त्यावर तिरकं दिसतं. व्हील उपटून सरळ बसवू नका. ड्रॅग लिंकची लांबी जुळवा, म्हणजे स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहतो. टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) नंतर तपासा.

थडथड आली तर स्टिअरिंग डॅम्पर लावून ती दाबू नका. पुढचं चाक जॅकवर घेऊन वरखाली पकडून हलवा. खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्या धुरीवर वळतं ती) बेअरिंग. सोबतीला कुणाला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन.

पाटाकमान

कागदाचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. पैसे गुंतवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नटबोल्ट

यू-बोल्टच्या नटावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. १०० किमीनंतर आणि ५०० किमीनंतर टॉर्क परत द्या. पाट्यांमधला रंग आणि मळ दबतो, त्यामुळे पहिल्या खेपेला नट थोडा फिरतोच. ५०० नंतरही रेघ सरकत असेल तर सेंटर बोल्ट नीट बसलेला नाही, सगळं सोडून परत बघा. उंचीही तेव्हाच पुन्हा मोजा. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून हेडलाइट त्यानंतर लावून घ्या.