नाशिक एका दिवसात ‘उरकतं’?

गोदाकाठ : काल इथे यादी आली : ‘पहाटे त्र्यंबक, दुपारी रामकुंड, संध्याकाळी पांडवलेणी. नाशिक एका दिवसात उरकतं.’ उरकायला ती काय भांडी आहेत? शिवाय संध्याकाळी लेण्यांत काळोख. सकाळचं ऊन आत येतं तेव्हाच बघावं. ३ नंबरच्या लेण्यात ओसरीला खालून खांदा देणारे सहा यक्ष आहेत, आणि वर भिंतीवर गौतमी बलश्रीने कोरवलेली मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाची गाथा. १० नंबरात त्याने हरवलेल्या नहपान क्षत्रपाच्या जावयाचा लेख. हरवणारा आणि हरलेला एकाच डोंगरात, मध्ये फक्त सहा लेणी! पायऱ्या धरून दोन तास हवेतच.

रविवारची_गाडी : मुंबईकराला एकच रविवार मिळतो, बरोबर आईवडील असतात. सकाळ लेण्यांत घालवली की त्र्यंबकला दुपार, आणि रविवारी दुपारची रांग म्हणजे दिवस गेला. लेख वाचायची हौस सगळ्यांना नसते.

जुनं_पंचवटी : त्या रामकुंडात तरी बघायचं काय उरलंय? गोदावरीच्या पात्राच्या तळाला काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, जिवंत झरे बुजले. आता गंगापूर धरणातून सोडाल तेवढंच वाहतं पाणी.

रविवारची_गाडी : विषय सहलीचा आहे. आणि सिंहस्थात लाखो लोक एका दिवशी पाण्यात उतरतात. खडकाळ, शेवाळलेल्या तळावर पाय घसरले, मुरगळले तर?

जुनं_पंचवटी : घाटाला दगडी पायऱ्या होत्याच की! शेवाळ धरतं ते साचलेल्या पाण्यात, मग तळ दगडाचा असो की काँक्रीटचा. झरे मोकळे असते तर उन्हाळ्यातही पाणी हललं असतं. ज्याला नदी कळत नाही त्याने तिच्या काठची यादी करू नये.

गोदाकाठ : जरा सबुरीने. पण पावसाळ्याचं सांगायलाच हवं. धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी तासातासाने चढतं. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघा : घोटे, गुडघे, कंबर, छाती. गुडघ्याला लागलं की घाट सोडायचा. पूर बघायचा तर होळकर पुलावरून, सेल्फीसाठी पायऱ्यांवरून नाही.

पाणपक्षी : एवढं भांडलात, नांदूरमध्यमेश्वरचं नाव कुणी घेतलं नाही. गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, २०२० मध्ये जाहीर झालं. डिसेंबर ते फेब्रुवारी, उजाडताना चापडगावच्या बाजूला हजर राहायचं. दहानंतर पाण्यावर चकाकी येते, पक्षी लांब सरकतात, दुर्बिणीतही नुसते काळे ठिपके. तिथे दुपारी जाऊन ‘काही नव्हतं’ म्हणू नका.

रविवारची_गाडी : बरं, लेणी सकाळी, मान्य. मग त्र्यंबक त्या खेपेत नाही, हे यादीत मोठ्या अक्षरात लिहा. काँक्रीटचं मात्र पटलेलं नाही.

जुनं_पंचवटी : पटेल. मे महिन्यात विसर्ग नसताना येऊन त्या पाण्याचा वास घ्या.