'एकच प्याला'मधली सिंधू आज नव्याने लिहायची तर कशी?

मांडवीकर
नमस्कार मंडळी. आमचा रत्नागिरीतला हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरी-धंदा सांभाळून तालमी करणारे. यंदा स्पर्धेसाठी दीर्घांक, म्हणजे एकांकिकेपेक्षा मोठं नाटक, लिहायचा विचार आहे आणि विषय ठरलाय गडकऱ्यांची सिंधू. नाटक जसंच्या तसं करायचं नाही, बाई तीच पण आज लिहिलेली. आमची लेखिका म्हणते सिंधूने सुधाकरला, तिच्या दारुड्या नवऱ्याला, सोडून जायचं, मरायचंच नाही. माझं मन तयार होत नाहीये कारण ती निघून गेली की टाळ्या पडतील हो, पण मग तिने जे इतकं गिळलं त्याचं काय, आणि ती सिंधू तरी राहील का? जुन्या शोकांतिकेतली नायिका घेऊन नव्याने लिहिलेली नाटकं कोणी वाचली-पाहिली असतील तर सांगा ना. आणि हो, प्रयोग दापोली ते राजापूर असे करायचेत, इथे अजून आज्यांना ती पदं पाठ आहेत, त्यांना सिंधू परकी वाटता कामा नये.

हर्णैचा वारा
शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'त नवरा ऑथेल्लो इयागोच्या सांगण्यावरून संशय घेऊन जिला मारतो ती डेस्डिमोना, तिच्यावरचं पॉला व्होगेलचं नाटक लेखिकेला वाचायला द्या, १९९३ ला न्यूयॉर्कला झालेलं. ऑथेल्लो, इयागो कोणीच स्टेजवर येत नाही, फक्त डेस्डिमोना, तिची दासी एमिलिया आणि बियांका, घराच्या मागच्या खोलीत, हातात कामं आणि तोंडाने बोलणं चालू. ही डेस्डिमोना पवित्र-बिवित्र अजिबात नाही, नवरा जो संशय घेतो तशीच ती वागलेली आहे. आणि तरी आपल्याला माहीत असतं की ती आज रात्री मरणार, शेवट बदललेला नाही, फक्त आपण स्वयंपाकघरातून बघतोय. ती साध्वी नसली तर तिचा खून चालेल का, हा प्रश्न मग आपल्याच अंगावर येतो.

टोनी मॉरिसनने २०११ मध्ये वेगळंच केलं. तिची डेस्डिमोना मेल्यानंतर बोलते आणि तिथे तिला बार्बरी भेटते, तिच्या आईची दासी. शेक्सपियरमध्ये बार्बरी म्हणजे एका गाण्यापुरता उल्लेख, इथे ती समोर येऊन हिशोब मागते.

आता तुमच्या कामाचं. ऑथेल्लोत मरताना एमिलिया विचारते हे कोणी केलं, तर डेस्डिमोना म्हणते कोणी नाही, मीच. सिंधूही नवऱ्याच्या मारामुळेच मरताना त्याला वाचवायला फौजदाराला खोटी जबानी देते! देवलांनी ऑथेल्लोचं 'झुंझारराव' १८९० लाच केलं होतं, म्हणजे अशी मरणारी बायको आपल्या प्रेक्षकाने गडकऱ्यांच्या आधीच बघितलेली. मी असतो तर अख्खं नाटक त्या जबानीवर उभं केलं असतं. फौजदार समोर, मूल गेलंय, आणि ही काय बोलायचं ते ठरवतेय.

कुडाळचो झिल
जबानीचा एकदम पटला. माका वाटता तिका आधी गप रवांदे, लगेच भाषण नको.

आमच्याकडे जत्रेत दशावतार बघता ना, तिथे संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेलं, बोलणं स्टेजवर उभं राहून. त्यामुळे स्त्री पार्टी, म्हणजे बाईची भूमिका, करणारा पुरुष चांगला असला तर द्रौपदी एका गावात रडते आणि दुसऱ्या गावात राजाला असं खडसावते की म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसतात. आख्यान मात्र कोणी मोडत नाही, आणि म्हणूनच तिचा राग लोकांना खरा वाटतो. तुम्हीपण शेवट ठेवा, बोलणं मोकळं सोडा. तालमीत तुमच्या नटीला फौजदाराचे प्रश्न विचारा आणि तिला तिच्या मनाने उत्तरं देऊ दे, दररोज वेगळी येतील, त्यातली लिहून घ्या.

रेवदंड्याची मीरा
मला लेखिकेची बाजू घ्यायचीय जरा. शेवट ठेवा शेवट ठेवा म्हणणं सोपं आहे, पण बाई मरते आणि नवरा शेवटी पश्चात्तापाने मोठा होतो हे आपण किती वेळा बघायचं? हायनर म्युलरने १९७७ मध्ये 'हॅम्लेटमशीन' लिहिलं, जेमतेम काही पानांचं, त्यात ओफेलिया, 'हॅम्लेट'मध्ये पाण्यात बुडून मरते ती, सरळ सांगते की नदीने जिला ठेवून घेतलं नाही ती मी. शेवटी ती समुद्राच्या तळाशी व्हीलचेअरवर, माणसं तिला बँडेजमध्ये गुंडाळतायत आणि तिचं बोलणं चालूच. म्हणजे ती जगली पण सुटली नाही. असंही करता येतं, सोडून जाणं आणि मरणं या दोनच वाटा नाहीत.

आणि सिंधू केली कोणी ते बघा. बोलणं गडकऱ्यांचं, पदं गुर्जरांची, स्टेजवर उभे बालगंधर्व. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं. तिघे मोठे कलावंत, मी कमी लेखत नाहीये, पण तिघेही पुरुष. आता एक बाई लिहितेय तर तिला मोकळीक द्या. गीता पण विसरू नका, तळीरामाची बायको! दारुड्याच्याच घरात राहते पण तोंड बंद ठेवत नाही. एमिलियाची जागा तीच घेऊ शकते, जबानीच्या वेळी खरं काय ते माहीत असलेली दुसरी बाई दारात उभी आहे, ती बोलणार की नाही? आमच्या किनाऱ्यावर अशा गीता घरोघर आहेत, शेजारणीचा मार भिंतीपलीकडून ऐकलेल्या.

मांडवीकर
मीरा, गीतेचं वाचून लेखिकेचा लगेच फोन आला, तिला तोच धागा हवाय. जबानीचा प्रवेश आधी लिहितोय, सिंधू, गीता आणि फौजदार तिघंच, सुधाकर फक्त आतल्या खोलीतून ऐकू येणार. सिंधू जगते की जाते ते तो प्रवेश उभा राहिला की ठरवू. पद एकच ठेवू म्हणतोय, 'चंद्र चवथिचा', पेटी-तबला न लावता. कुडाळवाले, तुमच्याकडचा एखादा स्त्री पार्टी करणारा कलाकार तालमीला येऊन आमच्या मुलींना आयत्या वेळचं बोलणं शिकवेल का? राहण्या-जेवणाचं आम्ही बघू, मानधनाचं त्यांच्याशी बोलून ठरवू.

कुडाळचो झिल
जत्रा सुरू झाल्यो की कोणी गावाचो नाय, रोज रात्री प्रयोग. त्याच्या आधी बोलवा. मी दोघांना विचारून ठेवतंय.